पश्चिमेच्या भिंतीवरची बुरशी : शोध, सफाई आणि विमा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात, सुमारे २५ वर्षे जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आपले घर आहे. निजायच्या खोलीच्या पश्चिमेकडील भिंतीवर दर पावसाळ्यात काळे ठिपके उमटतात आणि गेल्या चार वर्षांत दोनदा बुरशीरोधक रंग लावूनही ते परत आले आहेत. धाकट्या मुलीचा खोकला श्रावणापासून हटत नाही. रंगारी म्हणतो की खरवडून पुट्टी भरली की झाले, आणि गृहकर्जाबरोबर घेतलेल्या विम्यातून हा खर्च निघेल का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मुंबई, ठाणे आणि कोकणपट्टीत इमारतींची गळती शोधण्याचे व ती दुरुस्त करण्याचे काम मी २२ वर्षे करीत आलो आहे. बुरशी कशी ओळखावी, कशी काढावी आणि पैसे कोणी द्यावेत, या आपल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे शेवटी एकाच गोष्टीवर येऊन ठरतात, ती म्हणजे भिंतीत आलेले पाणी नेमके कोणते आहे.

बुरशीचे बीजाणू हवेत सदैव असतात. ते घरात येऊच नयेत अशी व्यवस्था कोणालाही करता येत नाही. रंगातील व पुट्टीतील चिकट द्रव्ये, भिंतीवर बसलेली धूळ, कपाटाचे प्लायवुड, पुस्तकांचे पुठ्ठे हे त्यांचे खाद्यही प्रत्येक घरात असते. उणीव असते ती फक्त पाण्याची, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतील आर्द्रता वारंवार ८० टक्क्यांच्या वर राहत असल्याने ती उणीवही पुरती भरून निघते. घरातील आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवावी आणि भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवावी, हा जगभर मान्य असलेला दंडक आहे. पूर्वी दरवर्षी चुन्याचा हात दिलेल्या भिंतींवर बुरशी कमी दिसे, कारण ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असतो आणि त्यावर बुरशी सहसा तग धरत नाही. आजच्या गुळगुळीत रंगांना ते संरक्षण नाही. त्यांत मिसळलेले बुरशीनाशक काही काळ काम करते, पण मागून पाणी येतच राहिले तर रंगच पोपडे धरून सुटतो आणि त्याच्याबरोबर औषधही जाते. आपल्याकडे दोनदा हेच घडले असावे.

भिंतीत पाणी चार वाटांनी येते : पावसाचे, नळाचे, जमिनीचे आणि हवेचे. पहिली खूण वेळेची असते. पावसाचे पाणी असेल तर मोठ्या सरीनंतर काही तासांत किंवा एकदोन दिवसांत डाग पसरतो आणि चार दिवस उघडीप मिळाली की त्याची कड फिकी पडू लागते. नळाचे किंवा सांडपाण्याचे असेल तर डागाला ऋतू नसतो. तो एप्रिल-मे महिन्यांतही ओलाच राहतो. जमिनीचे पाणी केवळ तळमजल्यावर किंवा बैठ्या घरात दिसते. ते जोत्यापासून साधारण हात-दोन हात वर चढते आणि वरच्या कडेला पांढऱ्या लोण्याची, म्हणजे क्षारांची, रेघ सोडते, त्यामुळे आपल्या तिसऱ्या मजल्यापुरता तो विचार सोडून द्यावा. हवेचे पाणी म्हणजे थंड पृष्ठभागावर धरलेले दव. त्यात गिलावा टणकच राहतो, पोपडे सुटत नाहीत, फक्त कोपऱ्यांत, कपाटामागे आणि पडद्याआड बारीक ठिपक्यांची एकसारखी पखरण होते.

येथे लोणा आणि बुरशी यांची गल्लत होऊ नये. लोणा म्हणजे गिलाव्यातील क्षार. तो पांढरा, खरखरीत असतो आणि पाण्याचा थेंब टाकला की विरघळतो. बुरशी पाण्याने विरघळत नाही, बोटाला ओशट लागते आणि तिला तो ओळखीचा कुबट वास असतो. दिसण्याआधी वास येतो, म्हणून बाहेरगावाहून परतल्यावर दार उघडताच येणारा पहिला वास नीट घ्यावा, कारण रोज त्याच घरात वावरणाऱ्या नाकाला तो कळेनासा होतो. बुरशीचा रंग पाहून ती किती घातक आहे हे ठरवता येत नाही. काळी दिसणारी प्रत्येक बुरशी विषारी नसते आणि हिरवट बुरशी निरुपद्रवी असते असेही नाही. प्रयोगशाळेत नमुना पाठवण्याची घरमालकाला सहसा गरज नसते, कारण जात कोणतीही निघाली तरी करायचे काम तेच राहते.

घरच्या घरी करता येणारी एक चाचणी मी प्रत्येकाला सांगतो. दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा डागाच्या जागी चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि एक दिवस तसाच ठेवावा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येत आहे. खोलीकडील बाजू ओलसर झाली आणि आतली कोरडी राहिली तर ते हवेचे पाणी आहे. दुसरे साधन पेन्सिलीचे. आज डागाची कड जिथे आहे तिथे बारीक रेघ ओढून तारीख लिहावी, आठ दिवसांनी पुन्हा तसेच करावे, आणि त्या दिवसांत पाऊस किती पडला, वरच्या घरी कोणी राहत होते का, एसी किती तास चालला, हे वहीत टिपावे. आम्ही ओलावामापक यंत्र घेऊन येतो तेव्हाही करतो तेच : भिंतीवर फूटभर अंतराच्या चौकटी आखून प्रत्येक ठिकाणचा आकडा लिहितो आणि तो ज्या दिशेने वाढत जातो त्या दिशेला पाण्याचे मूळ शोधतो. मात्र क्षार असलेल्या भिंतीवर हे यंत्र कोरड्या जागीही मोठा आकडा दाखवते, म्हणून एकाच आकड्यावर निदान करणाऱ्या माणसाचे अंदाजपत्रक स्वीकारू नये.

डोंबिवलीतील एका घरी मला तीन वर्षांच्या भांडणानंतर बोलावण्यात आले होते. निजायच्या खोलीतील कपाट सरकवले तेव्हा त्यामागची भिंत गोधडीसारखी काळी-करडी झाली होती. कपाटाच्या पाठीचे पातळ प्लायवुड बोटाने दाबताच दबत होते, आणि वरच्या खणातील पैठणीच्या प्रत्येक घडीवर काळसर ठिपक्यांची रांग उमटली होती. घरच्या बाईंनी ती साडी हातात धरून ठेवली होती. बोलणे सगळे वरच्या मजल्यावरील कुटुंबाविषयी होते, कारण भिंतीच्या वर त्यांचे न्हाणीघर होते. आम्ही वरच्या न्हाणीघराचा नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतील पाणी जाण्याचे जाळीचे तोंड, बंद केले, जमिनीवर दोन इंच रंगीत पाणी भरले आणि ७२ तास तसेच ठेवले. खाली रंगाचा एक थेंबही उतरला नाही. नंतर दोराने उतरणाऱ्या माणसाने बाहेरून भिंत पाहिली, तेव्हा खिडकीवरील सज्जा जिथे भिंतीला मिळतो तिथे नखभर रुंद चीर सापडली आणि सज्ज्यावर मातीचा थर साचून त्यात पिंपळाचे रोप वाढलेले दिसले. तीन वर्षे जिन्यात न बोलणाऱ्या दोन घरांमधले पाणी खरे तर बाहेरून येत होते. तेव्हापासून वरच्या घरावर बोट ठेवण्याआधी रंगीत पाण्याची चाचणी झालीच पाहिजे, असा माझा आग्रह असतो, आणि ती दोन्ही कुटुंबांसमोर व्हावी, असाही.

आपली भिंत पश्चिमेची आहे, म्हणजे नैर्ऋत्येकडून येणारा वाऱ्याचा पाऊस तिच्यावर थेट आपटतो. आपण दिलेल्या वर्णनावरून मला सर्वाधिक संशय बाहेरील गिलाव्याच्या चिरा, सज्ज्याचा सांधा आणि खिडकीच्या चौकटीखालील दगडी पट्टी यांचा येतो. ही पट्टी बाहेर उतरती नसेल किंवा तिच्या खालच्या अंगाला पाणी ठिबकून पडण्यासाठी खाच नसेल, तर प्रत्येक सर भिंतीतच जिरते. पण त्या खोलीत एसी असेल तर हवेच्या पाण्याचाही विचार करावा. बाहेर ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना साधारण २७ अंशांखालील कोणत्याही पृष्ठभागावर दव धरते, आणि रात्रभर २२ अंशांवर एसी चालवलेल्या खोलीची भिंत पलीकडच्या, बिनएसीच्या बोळाकडून अशीच घामेजते. शेजारच्या घरातील एसीमुळे आपली भिंत ओली झाल्याची उदाहरणेही मी पाहिली आहेत. चारपाचशे रुपयांत मिळणारा आर्द्रतामापक खोलीत टांगावा. त्याने पुष्कळ वाद मिटतात.

मुलीच्या खोकल्याविषयी. मी डॉक्टर नाही, आणि तपासणी बालरोगतज्ज्ञांकडूनच व्हावी. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल व बुरशी यांविषयी दिलेल्या मार्गदर्शनात ओलसर घरांचा दमा आणि श्वसनाच्या तक्रारींशी संबंध स्पष्ट नोंदवला आहे. इंग्लंडमधील रॉचडेल येथे दोन वर्षांचा अवाब इशाक डिसेंबर २०२० मध्ये मरण पावला, आणि घरातील बुरशीशी दीर्घकाळ आलेला संपर्क हे त्याचे कारण असल्याचा निष्कर्ष तेथील चौकशीत निघाला. त्यावरून तेथे भाडेकरूंच्या संरक्षणासाठी कायदा झाला. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. मुलीची गादी आजच त्या खोलीतून हलवावी आणि भिंत खरवडताना तिला घरात ठेवू नये, एवढे मात्र मी आग्रहाने सांगेन.

आता सफाई. बुरशी असलेली जागा साधारण तीन फूट लांब व तीन फूट रुंद एवढ्यापर्यंत असेल तर घरच्या माणसाने ती साफ करण्यास हरकत नाही. त्याहून मोठी असेल, किंवा घरात दम्याचा रुग्ण असेल, तर प्रशिक्षित माणसे बोलवावीत. खोलीचे दार बंद, पंखा बंद, खिडकी उघडी, नाकावर एन-९५ मास्क, हातात रबरी मोजे, डोळ्यांवर बंद चष्मा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोरड्या भिंतीवर ब्रश किंवा पत्रा चालवू नये, कारण एका हिसक्यात असंख्य बीजाणू घरभर उडतात. आधी साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारून जागा ओली करावी, मग ओल्या फडक्याने टिपून घ्यावी आणि ते फडके पुन्हा न वापरता पिशवीत बंद करून टाकावे. जिथे पुट्टी स्पंजासारखी मऊ झाली आहे तिथे ती डागाच्या पुढे फूटभर जाऊन मूळ गिलाव्यापर्यंत काढावी. गिलावाच ठोकल्यावर पोकळ वाजत असेल तर तोही काढावा. ब्लीचने काळा रंग जातो म्हणून लोकांना ते आवडते, पण गिलाव्यासारख्या सच्छिद्र थरात ते खोलवर पोचत नाही, उलट त्यातले पाणी आत जिरते. लाद्यांवर आणि काचेवर ते वापरावे. ते संडास धुण्याच्या आम्लाबरोबर किंवा अमोनियायुक्त द्रवाबरोबर कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. फुगलेले प्लायवुड, बुरशी धरलेली गादी आणि जिप्समचे पुठ्ठ्याचे पत्रे वाचवण्याचा मोह सोडावा. कपडे धुऊन कडक उन्हात घालावेत. कपाट परत लावताना बाहेरच्या भिंतीपासून किमान चार बोटे अंतर ठेवावे.

माझ्या अनुभवात सर्वाधिक पैसे वाया जातात ते आतून केलेल्या वॉटरप्रूफिंगवर. पाणी बाहेरून येत असताना आतल्या बाजूस कितीही महागडा लेप दिला तरी मागचे पाणी त्याला ढकलून फुगवटा आणते किंवा आडवे सरकून शेजारच्या कोरड्या भिंतीत निघते. अलीकडे ओल झाकण्यासाठी पीव्हीसीचे पॅनेल ठोकण्याची पद्धत पडली आहे. ते तर बुरशीला अंधार, ओलावा आणि बंद हवा एकाच वेळी देणे आहे. असे पॅनेल उघडल्यावर मागे काय सापडते ते पाहिलेल्या एकाही घरमालकाने ते परत लावलेले नाही. दुरुस्ती बाहेरूनच व्हावी लागते : परांची बांधून चिरा रुंद करणे, त्या योग्य मसाल्याने भरणे, सज्ज्यावर उतार काढणे आणि तो भिंतीला मिळतो त्या कोनात ‘वाटा’ म्हणजे मसाल्याची गोलाई मारणे, खिडकीच्या कडा बंद करणे, आणि भिंत पूर्ण वाळल्यावर बाहेरचा रंग. हे काम पावसात होत नाही. पावसाळ्यात फक्त सफाई, वाळवण आणि नोंदी कराव्यात. बाहेरची दुरुस्ती भिंती वाळल्यानंतर, डिसेंबर ते मे या काळात धरावी.

खर्च कोणी करायचा, हेही पाण्यावरच ठरते. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याने होणारी गळती, बाहेरील सामाईक पाण्याचे व सांडपाण्याचे नळ यांची गळती, आणि गच्चीतून पाणी उतरल्याने वरच्या मजल्यावरील छताचे झालेले नुकसान यांची दुरुस्ती संस्थेने स्वखर्चाने करायची असते. घराच्या आतील न्हाणीघर, संडास, मोरी यांतून होणारी गळती त्या त्या सदस्याने दुरुस्त करायची असते. म्हणून आपली भिंत पावसाने ओली होत असल्याचे सिद्ध झाले, तर ते काम सोसायटीचे आहे. लेखी अर्ज, छायाचित्रे आणि पेन्सिलीच्या तारखांची नोंद जोडून तो द्यावा व पोच घ्यावी. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण दर पाच वर्षांनी व्हावे, अशी तरतूद याच उपविधींत आहे. आपल्या इमारतीचे शेवटचे परीक्षण कधी झाले, हेही त्याच अर्जात विचारावे. ज्यांचे घर नवे आहे त्यांना याहून मोठा आधार आहे. रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्याच्या, कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत कामाच्या दर्जातील दोष दाखवून दिल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो, आणि भिंतीतून येणारे पावसाचे पाणी हा सरळसरळ असा दोष आहे. विमा शोधण्याआधी ही मुदत तपासावी.

विम्याविषयी मी स्पष्ट लिहितो, कारण येथे बरेच लोक चुकीच्या भरवशावर राहतात. प्रथम आपली पॉलिसी कपाटातून काढून वाचावी. गृहकर्जाबरोबर दिला गेलेला विमा पुष्कळदा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. त्याचा भिंतीशी काहीच संबंध नसतो. घराचा विमा असेल तर तो बहुधा ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित स्वरूपाचा असेल, जो १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण (आयुर्विम्याखेरीजच्या) विमा कंपन्यांनी देणे विमा नियामक प्राधिकरणाने बंधनकारक केले. तो नावे घेऊन सांगितलेल्या अनपेक्षित घटनांचा विमा आहे : आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, भूस्खलन, आणि पाण्याच्या टाक्या, उपकरणे व नळ फुटणे किंवा ओसंडणे. ओल, झिरपणे आणि बुरशी या शब्दांना त्या यादीत जागा नाही. म्हणजे चार पावसाळे हळूहळू भिजत आलेल्या आपल्या भिंतीचा खर्च या विम्यातून मिळेल असे मला वाटत नाही, आणि जुनी ओल नव्या घटनेच्या नावावर दाखवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नये. विमा कंपनीचा सर्वेक्षक पुट्टीखालचे जुने रंगाचे थर आणि लोण्याची वलये पाहून ओलीचे वय ओळखतो, आणि खोटी माहिती उघड झाल्यास खरा दावाही बुडतो.

तरीही हा विमा मी स्वतः घेतला आहे आणि आपणही घ्यावा, कारण उद्या गच्चीवरची टाकी फुटली किंवा भिंतीतला नळ तडकला तर तो उपयोगी पडतो. इमारतीचा विमा घेतला असेल तर घरातील सामानासाठी इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, पण कमाल १० लाख रुपये, एवढे संरक्षण त्यात आपोआप मिळते. रक्कम ठरवताना बाजारभाव धरू नये. बांधकामाचा प्रचलित खर्च धरला जातो. घटना घडली तर पाणी पुसण्याआधी व्हॉल्व्ह बंद करून छायाचित्रे व चित्रफीत घ्यावी, फुटलेल्या नळाचा तुकडा जपून ठेवावा, प्लंबरच्या बिलावर कारण लिहून घ्यावे, कंपनीला त्याच दिवशी कळवावे आणि सर्वेक्षकाची वाट पाहत भिंत ओली ठेवू नये. नुकसान वाढू न देणे हे विमाधारकाचे कर्तव्य असते, आणि पहिल्या ४८ तासांत वाळवण सुरू केल्याचा पुरावा असेल तरच नंतर उमटलेली बुरशी त्या घटनेचाच भाग आहे, असे मांडता येते. दावा अन्यायाने नाकारला गेला असे वाटल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. मग आपल्या भागाच्या विमा लोकपालांकडे वर्षाच्या आत जाता येते, आणि त्यासाठी शुल्क लागत नाही.

२२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणमध्ये मी काही घरांचे काम केले. जांभ्याच्या भिंती पाणी भरपूर पितात आणि फार सावकाश सोडतात. ज्यांनी गाळ धुऊन, प्लायवुड काढून, भिंती संक्रांतीपर्यंत उघड्या ठेवल्या त्यांची घरे टिकली. गणपती सात आठवड्यांवर आले म्हणून ज्यांनी घाईने रंग दिला, त्यांच्या भिंती पुढच्या पावसात आतून काळ्या पडल्या. त्यांची भावना मला समजत होती. कोकणात गणपतीला कोरी भिंत ठेवणे कोणालाही जड जाते.

म्हणून आपल्यालाही विनंती आहे की या दिवाळीला त्या एका भिंतीला रंग लावू नये. मऊ पुट्टी काढून गिलावा उघडा ठेवावा, उघडीप असेल तेव्हा खिडकी उघडून पंखा त्या दिशेला वळवावा, दर रविवारी पेन्सिलीची रेघ ओढावी, आणि नोव्हेंबरमध्ये सोसायटीकडून परांचीचे काम मंजूर करून घ्यावे. बाहेरची दुरुस्ती झाल्यावर पंधरा दिवसांच्या अंतराने घेतलेले ओलाव्याचे दोन आकडे शेजारच्या कोरड्या भिंतीइतके खाली आले, तर मार्चमध्ये प्रायमरचा पहिला हात द्यावा.